क्षीणचुंबकत्व: दल्ली-राजहरा ते मरोदा

संस्कृत काव्यपरंपरेत चुंबकाचे नाव 'अयस्कांत', म्हणजे लोखंडाला प्रिय असलेला. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'च्या दुसऱ्या सर्गात समाधिस्थ शंकराचे मन उमेच्या रूपाने ओढून घेण्याचा उपाय याच दृष्टांताने सुचविला आहे. मराठीने तर 'लोहचुंबक' या एका शब्दात दोघांची गाठच मारून टाकली. या गृहीताला छत्तीसगडातील एक डोंगररांग दाद देत नाही.

दल्ली-राजहराच्या लोहखनिजाची नोंद भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली केली. पुढे दोराबजी टाटांना त्याचा सुगावा लागला तो नागपूरच्या अजबबंगल्यातील नकाशावरून. टेकडीवर चालताना पायाखाली धातूसारखा नाद येई, असे सांगतात. नकाशाने आणि कानांनी साक्ष दिली. साध्या चुंबकाने ती क्वचितच दिली असती. कारण हे खनिज मुख्यतः हेमेटाइट. त्यात लोह भरपूर, परंतु शेजारच्या लोह-अणूंची चुंबकीय परिबले परस्परविरुद्ध असल्याने ती एकमेकांना जवळजवळ निष्प्रभ करतात. किंचित तिरकेपणामुळे अल्पसे चुंबकत्व उरते, इतकेच. या तिरकेपणाची उपपत्ती सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ इगोर झ्यालोशिन्स्की यांनी १९५७-५८ मध्ये मांडली. सोव्हिएत साहाय्याने भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तीच ही वर्षे. पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. अर्थात हा केवळ योगायोग होय.

नामकरणाचा प्रश्न येथेच उद्‌भवतो. फॅरडेने १८४५ मध्ये क्षेत्रापासून दूर सरणाऱ्या पदार्थांचा वर्ग वेगळा केला. त्याच्या उलट वर्गासाठी ग्रीक 'पारा' (सोबतीने) हा उपसर्ग १८५० मध्ये व्ह्यूएलने सुचविला. हिंदीतील 'अनुचुंबकीय' हा अर्थ राखतो, मराठीतील 'समचुंबकीय' तो गमावतो. आणि हेमेटाइट या दोहोंतही नीटसे बसत नाही.

मरोद्याला या गोष्टी एकत्र येतात. राजहऱ्याचे खनिज याच रेल्वेमार्गाने कारखान्यात जाते, आणि येथील जलाशय कारखान्याला पाणी पुरवितो. पाणी प्रतिचुंबकीय, खनिज क्षीणचुंबकीय. म्हणून धुण्याच्या पाण्याबरोबर गाळात जाणारा लोहचुरा सामान्य चुंबकाने वेचता येत नाही. त्याला एक टेस्लाच्या आसपासचे तीव्र क्षेत्र लागते. झोतभट्टीत ऑक्सिजन निघून गेला की तेच लोह, थंड झाल्यावर, क्रेनच्या विद्युतचुंबकाला घट्ट चिकटते.