'आर-व्ह्यू'चे नामांतर

मागील पाठात आपण रेडियन्स या प्रकाश-अनुकरण प्रणालीची ओळख करून घेतली. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी ती घडवली. १९८९ मध्ये ती सर्वांसाठी उपलब्ध झाली. हा एकच मोठा प्रोग्राम नसून अनेक छोट्या आज्ञांचा संच आहे. 'ओकॉन्व्ह' खोलीच्या वर्णनापासून ऑक्ट्री फाइल बनवतो, 'आरपिक्ट' त्यावरून चित्र काढतो, तर 'आर-व्ह्यू' तेच दृश्य पडद्यावर दाखवतो आणि आपण जागा बदलत ते न्याहाळू शकतो.

पुढे अडचण आली. १९९१ साली बाहेर आलेल्या व्हिम या मजकूर-संपादकानेही कालांतराने आपल्या एका मर्यादित, केवळ वाचनासाठीच्या रूपाला हेच नाव दिले. एकाच यंत्रावर दोन्ही असले, की शोधमार्गात जो आधी सापडेल तो चालणार! विद्यार्थी खोली पाहायला जाई आणि समोर ऑक्ट्रीतील अगम्य चिन्हे उभी राहत.

नाव आधीचे रेडियन्सचे. न्यायाने पाहता व्हिमने ते सोडायला हवे होते. पण व्हिम बहुतेक लिनक्स संगणकांवर असतो, रेडियन्स मोजक्यांकडे. २००२ मध्ये रेडियन्सचा स्रोत खुला झाल्यानंतर त्यानेच माघार घेतली आणि नाव झाले 'आर-व्ही-यू'. अक्षरे घटली, उच्चार जवळपास तोच. चतुराईच म्हणायची.

मात्र १९९८ चे 'रेंडरिंग विथ रेडियन्स' हे पुस्तक त्याआधीच छापले गेले होते. त्यातील उदाहरणे करताना जुन्या नावाच्या जागी नवे टंकित करावे.