स्नूकर म्हणजे नवशिका

वयाच्या पंचेचाळिशीत मी पूल खेळणाऱ्या एका टीममध्ये दाखल झालो आहे. हे वाचून माझ्या काही विद्यार्थ्यांना हसू येईल, काही पालकांच्या कपाळावर आठी पडेल. दोघांचंही चुकत नाही. म्हणून आधी काय घडलं ते सांगतो, मग या खेळाच्या इतिहासाकडे वळतो. कारण माझं उत्तर मला त्या इतिहासातच मिळालं.

अहेरीत कॅरम कोण खेळत नाही? उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या मोहल्ल्यात एका बोर्डाभोवती चार खेळणारे आणि दहा सल्ला देणारे असतात. पण बाजारातल्या एका गाळ्यात पूलचं टेबल आलं आणि पोरं तिकडे वळली. अहेरी, आलापल्ली आणि आजूबाजूच्या पोरांनी मिळून शनिवारचे सामने ठरवले. एका टीममध्ये चार जण. एका टीमचा चौथा खेळाडू नोकरीसाठी नागपूरला गेला. त्या टीमचा कॅप्टन माझा जुना विद्यार्थी, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर मशिदीबाहेर त्याने मला गाठलं.

"सर, तुम्ही या ना आमच्यात. कॅरम खेळता, कोन कळतो तुम्हाला. बाकीचं मी शिकवतो."

मी म्हटलं, "अरे, मी काठी कधी हातातसुद्धा धरली नाही."

"मग काय झालं? मला तरी कुठं अलिफ-बे येत होतं?"

यावर मला काही बोलता येईना. तरी मी लगेच होकार दिला नाही. मनात दोन अडचणी होत्या. पहिली, शिक्षकाने अशा गाळ्यात जावं का? माझ्या अब्बांच्या तोंडी 'क्लब' हा शब्द नेहमी 'बिघडलेला मुलगा' या शब्दांबरोबरच यायचा. दुसरी अडचण मोठी होती. टेबलाचं भाडं हरणाऱ्याने भरायचं, अशी तिथली पद्धत. बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे आणि पोरांना त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटत होतं.

नव्या ठिकाणी पाय ठेवण्याआधी त्या ठिकाणाचा इतिहास चाळायची मला सवय आहे. तो चाळताना दोन शब्द हाती लागले. एकाने मला आत बोलावलं, दुसऱ्याने दारात थांबवलं.

पहिला शब्द स्नूकर. पूलचा हा चुलत भाऊ. हा खेळ जन्मला जबलपुरात. आज जबलपूर आपल्याला परराज्यातलं वाटतं. पण 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपला जुना चांदा जिल्हा आणि जबलपूर एकाच राज्यकारभाराखाली होते. गडचिरोली जिल्हा तर 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. अहेरीची जमीनदारी त्या चांदा जिल्ह्यातली. म्हणजे इंग्रजांचा म्हणून ओळखला जाणारा हा खेळ आपल्याच जुन्या प्रांतातला निघाला.

1875 चा पावसाळा. जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांना लांबलचक दुपारी घालवायला काम नव्हतं. बिलियर्डच्या टेबलावर ते पैसे लावून वेगवेगळे खेळ खेळत. एका खेळात 15 लाल चेंडू असत. दुसऱ्यात प्रत्येक खेळाडूचा रंग वेगळा असे. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने या दोहोंची सरमिसळ केली. (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले नेव्हिल चेंबरलेन वेगळे.) आज स्नूकरमध्ये 15 लाल, 6 रंगीत आणि 1 पांढरा असे 22 चेंडू असतात. सुरुवातीला रंग कमी होते. निळा आणि तपकिरी नंतर आले.

नावाची गोष्ट अशी. इंग्लंडमधल्या वुलिच इथल्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवख्या पोराला 'स्नूकर' म्हणत. एका पाहुण्या अधिकाऱ्याकडून हा शब्द जबलपुरात कळला. मग खेळताना कोणाचा तरी सोपा चेंडू हुकला आणि चेंबरलेन त्याला 'स्नूकर' म्हणाले. तो दुखावला असेल असं वाटून त्यांनी लगेच सांभाळून घेतलं, की या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत. तेच नाव खेळाला चिकटलं. पुढे उटीच्या क्लबात 1882 च्या सुमारास नियम लिहून लावले गेले. ही हकीकत चेंबरलेन यांनी म्हातारपणी, 1938 मध्ये, स्वतः सांगितली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत 'नौसिखिया', मराठीत 'नवशिका'. दोन्ही शब्द आपण थोडे नाक मुरडूनच वापरतो. पण ज्या खेळाने जगभर नाव कमावलं, त्याचं नावच नवशिका आहे. मला पंचेचाळिशीत काठी धरायची लाज का वाटावी?

आता दुसरा शब्द, पूल. तो पोहण्याचा तलाव नव्हे. फ्रेंचमध्ये 'पूल' म्हणजे कोंबडी, आणि खेळात सगळ्यांनी मिळून लावलेल्या पैशाच्या ढिगालाही तोच शब्द होता. जुन्या खेळात प्रत्येकाने ढिगात पैसे टाकायचे, प्रत्येकाला एक रंग आणि 3 'जीव' मिळायचे. शेवटपर्यंत जो उरेल त्याने ढीग उचलायचा. पुढे अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायच्या जागांना 'पूलरूम' म्हणत. तिथे वेळ घालवायला बिलियर्डची टेबलं ठेवलेली असत. हळूहळू जागेचं नाव टेबलावरच्या खेळाला लागलं. म्हणजे अब्बांची शंका अगदीच हवेतली नव्हती. या खेळाच्या नावातच पैज आहे. जुव्याला कुरआनात मनाई आहे हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

या दोन शब्दांच्या मधे तिसरा एक शब्द आहे, मार्कर. इतिहासाच्या पुस्तकात त्याला फारशी जागा नाही. इंग्रजांच्या क्लबांत टेबलाजवळ एक हिंदी नोकर उभा असे. गुण मोजायचे, चेंडू परत मांडायचे, काठ्या सांभाळायच्या आणि नव्या साहेबाला खेळ शिकवायचा, ही त्याची कामं. बहुतेक मोठ्या क्लबांत हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. मुंबईत गोरे आणि हिंदी दोघांनाही दार उघडणारा विलिंग्डन क्लब निघाला तो थेट पहिल्या महायुद्धाच्या काळात. म्हणजे खेळ जन्मला आपल्या भूमीवर, पण आपला माणूस टेबलाच्या बाहेर उभा. खेळणारा चुकला तरी त्याला 'आपण सगळेच नवशिके' अशी सवलत. बाजूच्या मार्करला खेळ पाठ असूनही तो नवशिकासुद्धा नाही, कारण नवशिका व्हायलाही आधी आत घ्यावं लागतं.

त्या काळचे चेंडू हस्तिदंताचे असत. एका सुळ्यातून जेमतेम चार-पाच निघत. आपल्या तालुक्यातल्या कमलापूरच्या कॅम्पमधले हत्ती पाहिलेल्या माणसाला हा हिशोब टोचतो. हस्तिदंताला पर्याय शोधता शोधताच 1869 च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइड आणलं. आज आमच्या टेबलावरचे चेंडू रसायनी राळेचे आहेत. एवढी एक गोष्ट तरी सुधारली.

बाकीची सुधारणा माणसांनी केली. 1922 मध्ये पुण्यात जन्मलेल्या, अँग्लो-इंडियन समाजातल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्डचं जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवलं. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला हा पहिला भारतीय. त्याआधी जागतिक स्पर्धांत त्यांनी हारही पाहिली होती. 1964 मध्ये न्यूझीलंडला ते पुन्हा जिंकले. नंतर शिकवू लागले आणि 1996 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. 1973 ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली. ती जिंकली श्रीलंकेच्या मोहम्मद लफीर यांनी. पुढे मुंबईच्याच मायकेल फरेरा यांनी 1977, 1981 आणि 1983 असं तीनदा जग जिंकलं. मुंबईचेच यासीन मर्चंट 1989 आणि 2001 मध्ये स्नूकरचे आशियाई विजेते झाले. ख्रिस्ती, मुसलमान, शेजारच्या देशातला पाहुणा, ज्यांचे बापजादे त्या क्लबात सभासद म्हणून गेले नसते, ते सगळे टेबलाच्या आत आले.

आणि हौशी माणसाचं काय? अमेरिकेत 1979 मध्ये दोन व्यावसायिक खेळाडूंनी हौशी लोकांसाठी पूलची लीग काढली. तिचा कणा म्हणजे हँडिकॅप. प्रत्येक खेळाडूला त्याच्या कुवतीचा आकडा द्यायचा. पक्क्या खेळाडूला सामना जिंकायला जास्त डाव जिंकावे लागतात, कच्च्याला कमी. त्यामुळे नवशिका टीमवर ओझं होत नाही. त्याचा डावही मोजला जातो. आमच्या पोरांनी इंटरनेटवर पाहून हाच नियम घेतला आहे. मला 2 डाव पुरतात, आमच्या कॅप्टनला 5 लागतात.

एवढं वाचून झाल्यावर मी कॅप्टनकडे गेलो. म्हटलं, "मी येतो. पण एक अट आहे. हरणाऱ्याने भाडं भरायचं, हे बंद. खेळायला उभं राहण्याआधी दोन्ही टीमनी सारखे पैसे काढायचे."

तो म्हणाला, "सर, पोरं हसतील."

"हसू देत. मला कोणाशी वाद घालायचा नाही, फतवा विचारायचा नाही. पण हरलेल्या पोराच्या खिशातून मी खेळणार नाही. तुमच्यात रोजंदारीवर जाणारी पोरं आहेत. त्याने हरायच्या भीतीने खेळणं सोडलं तर तुमचा हँडिकॅप काय कामाचा?"

दोन दिवस निरोप आला नाही. मी समजलो, विषय संपला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, सगळ्यांना विचारलं. आलापल्लीच्या टीममधला एक गोंड मुलगा सगळ्यात आधी 'हो' म्हणाला. पैशापायी तो महिनाभर आलाच नव्हता. आता तो येतो, आणि आमच्यात सगळ्यात चांगला खेळतो.

पहिल्या शनिवारी टेबलाजवळ उभा राहिलो तेव्हा हातात निळा खडू होता. हा आपल्या फळ्यावरचा खडू नव्हे. 1897 मध्ये अमेरिकेत याचं पेटंट घेतलं गेलं. सिलिकाची पूड असते, काठीचं टोक चेंडूवरून घसरू नये म्हणून. पण माझ्या बोटांना फरक कळला नाही. वीस वर्षांची सवय.

डाव चांगला चालला होता. शेवटचा काळा चेंडू, आठ नंबरचा, कोपऱ्याच्या भोकाजवळच होता. मी तो घातला, आणि त्याच्या मागोमाग पांढराही आत गेला. नियमाप्रमाणे डाव गेला. पोरं गप्प झाली. सरांना कसं हसायचं?

मग मीच हसलो. कॅप्टनने दोन्ही चेंडू काढले, होते तिथे परत मांडले आणि म्हणाला, "डाव गेला तो गेला सर. पण हा शॉट पुन्हा मारा. या वेळी पांढऱ्याला खालून लावा."

हा मुलगा चौथीत 'ऐन' आणि 'गैन'मध्ये गोंधळायचा. तेव्हा फळा पुसून त्याच्या हातात मी परत खडू द्यायचो. शब्द जवळपास हेच असायचे. मी काठीला खडू लावला आणि पुन्हा वाकलो.