हिशेब करणारे पान

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रावेरच्या पेठेत काय किंवा पुण्यामुंबईच्या दुकानांत काय, नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. वही ही व्यापाऱ्याची लक्ष्मीच. परंतु या वहीचा एक स्वभाव सहसा आपल्या ध्यानात येत नाही. तीत आकडा असतो. तो आकडा कसा आला, ती रीत नसते. वजन किती, भाव काय, अडत आणि हमाली किती कापली, ही सारी आकडेमोड कच्च्या कागदावर झालेली असते. पक्क्या वहीत उतरते ते केवळ उत्तर. भाव चुकीचा धरला होता असे उद्या निघाले, तर पुढची पाने खोडावी लागतात. आणि एखादे पान खोडावयाचे राहूनच जाते.

छापील पुस्तकाचीही गत हीच आहे. हिशेब एकीकडे होतो, पान दुसरीकडे जुळते आणि या दोहोंच्या मध्ये नक्कल करणारा मनुष्य बसलेला असतो. मग पानालाच हिशेब करावयास शिकविले तर? मजकुराच्या ओळींतच गणिताची रीत लिहून ठेवावी आणि पान जुळविण्यापूर्वी यंत्राने ती चालवून उत्तर जागच्या जागी बसवावे, अशी सोय आज झालेली आहे. तिची कथा संगणकाच्या जन्माहून जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या खानदेशातूनच जातो.

रावेर हे जळगाव जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सातपुड्याच्या कुशीत वसलेले. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. तेथे सापडलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली तो विद्वानांपुढे मांडला. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने येथे मठ स्थापिला आणि त्या मठाला स्थानिक निकुंभ राजांनी दान दिले, असे हा लेख सांगतो. भास्कराचार्यांच्या जन्मगावाविषयी विद्वानांत एकमत नाही. पण त्यांच्या विद्येचे एक घर खानदेशात होते, याविषयी मात्र दगडाचीच साक्ष आहे.

या मठात काय शिकविले जात असेल? भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. ‘लीलावती’ म्हणजे उत्तरांचे कोष्टक नव्हे. तीत रीत आहे आणि रीतीखाली उदाहरण आहे. मजकूर आणि गणित एकाच श्लोकात नांदतात. आकडेसुद्धा शब्दांच्या वेषात येतात : चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच. हे शब्द उलट्या क्रमाने मांडले की संख्या उभी राहते. शब्द वृत्तात बसलेला असल्यामुळे नक्कल करणाऱ्याचा हात घसरला तर वृत्तच मोडते आणि चूक कानाला कळते. अंक मात्र मुका. त्याचा तीनाचा पाच झाला तरी कोणाला ऐकू येत नाही.

पुढे १५२० सालाच्या सुमारास कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि त्याच्या आधारे महाराष्ट्रात कित्येक पिढ्या पंचांगे तयार झाली. येथे मात्र फारकत झाली. रीत ग्रंथात राहिली आणि उत्तरे पंचांगात गेली. गणक दरवर्षी आकडे काढी आणि लेखक त्यांच्या नकला करी. एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, शिळाप्रेसवर आणि मग खिळ्यांवर पंचांगे छापली जाऊ लागली, तेव्हा या साखळीत आणखी एक कडी वाढली. देवनागरीचे शेकडो खिळे खणाखणांतून वेचून, उलटे वाचत, ओळीत बसविणारा जुळारी हा मोठा कसबी कारागीर; पण तिथीच्या घटिका-पळांनी भरलेले कोष्टक जुळविताना त्याच्यापुढे आधार केवळ हस्तलिखिताचा. शब्द चुकला तर त्याला अर्थावरून शंका येई. आकडा चुकला तर कशावरून यावी?

याच शंकेने विलायतेत एक मोठा माणूस पछाडला होता. १८२१ साली चार्ल्स बॅबेज आपल्या मित्रासह खगोलगणिताची कोष्टके तपासत असता चुकांमागून चुका निघू लागल्या, तेव्हा हे गणित वाफेच्या यंत्राने झाले असते तर किती बरे झाले असते, असे त्याच्या तोंडून निघून गेले. त्या काळी जहाजे असल्याच कोष्टकांवर समुद्र ओलांडीत. चुकीच्या अंकाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागण्याची भीती होती. बॅबेजच्या यंत्राचे मर्म असे की, ते केवळ गणित करणार नव्हते. आलेले उत्तर ते स्वतःच छपाईच्या साच्यावर उठविणार होते. गणक आणि छपाई यांच्यामधला नक्कलकारच त्याला काढून टाकावयाचा होता. सरकारने पैसा दिला, वर्षे गेली, आणि १८४२ साली सरकारने हात आखडता घेतला. त्याच्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली गणिती यंत्र आणि २००२ साली त्याचा छपाईचा भाग बांधून दाखविला. दोन्ही चालले!

विसाव्या शतकात संगणक आले आणि गणित विजेच्या वेगाने होऊ लागले. पण पान जुळविण्याची विद्या मागेच राहिली होती. १९७७ साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या हाती स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पडली. जुनी आवृत्ती धातूच्या खिळ्यांवर सुरेख जुळविलेली. नवी फोटोच्या तंत्राने केलेली आणि इतकी बेढब की, ते कष्टी झाले. त्यांनी हातातले लेखन बाजूला ठेवले आणि पान जुळविणारी आज्ञावली लिहावयास घेतली. तीच ‘टेक्’. काम थोडक्या काळात आटपेल असे त्यांना वाटले होते. त्यात सुमारे दहा वर्षे गेली. चूक दाखविणाऱ्यास ते दोन डॉलर छप्पन्न सेंटांचा धनादेश पाठवीत, आणि तो न वटविता जपून ठेवण्यात लोक धन्यता मानीत. टेक्‌च्या दुरुस्त आवृत्तीचा क्रमांकही मोठा गमतीचा : दर खेपेस पायच्या किमतीतला एक अंक त्यात वाढतो.

टेक्‌मध्ये लेखक साधा मजकूर लिहितो आणि येथे मथळा, येथे समीकरण, अशा खुणा करतो. बाकीचे जुळाऱ्याचे काम आज्ञावली करते. याच कनूथांनी १९८४ साली आणखी एक विचार मांडला : आज्ञावली यंत्रासाठी नव्हे, माणसाने वाचावी म्हणून लिहावी. त्यांच्या ‘वेब’ पद्धतीत विवेचन आणि आज्ञा एकाच लेखात असत. त्या लेखातून एक साधन यंत्राला हवे तेवढे उचली, दुसरे वाचकासाठी देखणे पान विणी. या दुसऱ्या साधनाचे नाव ‘वीव्ह’, म्हणजे विणणे. तेव्हापासून या विद्येत मागाचीच भाषा रूढ झाली.

आता मधल्या मदतनिसाकडे वळू. त्याला ‘प्रीप्रोसेसर’ म्हणतात. पान जुळण्याआधी मजकुरावर संस्कार करणारा तो. जुळाऱ्याच्या शेजारी बसलेला हुशार कारकून समजा. मजकूर आधी त्याच्या हाती जातो. तो वाचत जातो, आणि ‘येथे हिशेब आहे’ अशी खूण दिसली की तेवढा तुकडा वेगळा काढून गणकाकडे पाठवितो. उत्तर आले की ते खुणेच्या जागी लिहून सारा कागद जुळाऱ्याच्या स्वाधीन करतो.

आपल्या लिपीलाही असाच एक कारकून लाभला होता. टेक् जन्मले रोमन अक्षरांत. देवनागरीची वेलांटी, रफार, जोडाक्षरे त्याला कोठून ठाऊक? ‘कि’ लिहिताना इकार उच्चारात मागून येतो, पण कागदावर पुढे बसतो. १९९१ साली नेदरलंड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्टहाइस यांनी यासाठी ‘देवनाग’ नावाचा प्रीप्रोसेसर केला. लेखकाने खुणेच्या आत रोमन अक्षरांत शब्द लिहावा. त्याने तो देवनागरीच्या आकारांत मोडून टेक्‌च्या हाती द्यावा. पुढे युनिकोड आले, २००४ साली ‘झीटेक्’ आले, आणि मराठी थेट लिहिता येऊ लागली.

लिपीचे झाले तेच गणिताचेही झाले. २००२ साली, म्हणजे बॅबेजचे छपाईयंत्र पुरे झाले त्याच वर्षी, फ्रीडरिश लाइश यांनी ‘स्वीव्ह’ पुढे आणले. संख्याशास्त्राच्या ‘आर’ या भाषेतील आज्ञा मजकुरात घालावयाच्या आणि उत्तरे, कोष्टके, आलेख पानावर आपोआप उमटावयाचे. २०१२ साली यीहुई शिए यांचे ‘निटर’ आले. हे नावही विणकामाचेच. ‘पायथन’ भाषेसाठी जेफ्री पूर यांनी ‘पायथनटेक्’ रचले.

हे सारे रावेरच्या शेतात आणून पाहू. समजा, केळीवर एक माहितीपुस्तिका छापावयाची आहे. दीड मीटर बाय दीड मीटर अंतराने लागवड केली तर एका झाडाला सव्वादोन चौरस मीटर जागा लागते आणि हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. घडाचे वजन सरासरी १८ किलो धरले तर उत्पन्न सुमारे ८०० क्विंटल. आता कोणी सुचविले की, ओळींतले अंतर १.८ मीटर धरा. झाडे ३,७०३ झाली, उत्पन्न ६६७ क्विंटलांवर आले. लेखकाने झाडांचा आकडा बदलला, पण तीन पाने पुढचा उत्पन्नाचा आकडा तसाच राहिला, तर? १३३ क्विंटल केळी केवळ कागदावर पिकली! त्या भरवशावर एखाद्याने कर्ज काढले, तर फेडताना ती कोठून आणावयाची? पण लेखकाने आकड्याऐवजी भागाकार आणि गुणाकारच मजकुरात लिहून ठेवला असता, तर अंतर एका ठिकाणी बदलताच सगळ्या पानांवरचे आकडे एका चालीने बदलले असते.

मोठ्यांच्या घरीही असे घडते. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी लिहिले की, ज्या देशांचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर जाते, त्यांची सरासरी वाढ शून्याच्याही किंचित खाली, उणे ०.१ टक्का असते. देशोदेशींच्या खर्चकपातीच्या वादात या निष्कर्षाचा दाखला दिला गेला. २०१३ साली थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून घेतला. पाहतो तो सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले! तफावतीचा मोठा भाग वर्षांची निवड आणि भार देण्याची पद्धत यांमुळे होता. पण त्याने व त्याच्या प्राध्यापकांनी सारे नव्याने मांडले तेव्हा सरासरी २.२ टक्के निघाली. निबंधात उत्तर छापलेले होते, रीत मात्र तक्त्यात दडलेली होती. ती मागितल्यावाचून चूक दिसणे शक्यच नव्हते.

अर्थात, पानाला हिशेब शिकविला म्हणजे सत्य हाती आले असे नव्हे. सूत्रच चुकले तर चूकही सगळ्या पानांवर एका चालीने उमटते. शिवाय आज्ञा चालविणारा कागद म्हणजे घरात घेतलेला पाहुणा. तो अनोळखी असेल तर काय करील याचा नेम नाही, म्हणून कोणाचाही कागद न पाहता चालवू नये. आणि भाषांच्या आवृत्त्या बदलत राहतात. आज चालणारी आज्ञा वीस वर्षांनी अडेल, ही भीती आहेच.

तरीही लाभ मोठा आहे, आणि तो केवळ श्रम वाचविण्याचा नव्हे. उत्तर देणारा माणूस ‘विश्वास ठेवा’ असे म्हणतो. रीत देणारा ‘तपासून पाहा’ असे म्हणतो. पाटण्याचा मठ केवळ उत्तरे जपण्यासाठी उभारला असता, तर त्यातली कोष्टके केव्हाच कालबाह्य झाली असती. तेथे रीत शिकविण्याची सोय केली होती, आणि रीत पुढच्या पिढीच्या हाती दिली की ती नव्या आकड्यांवरही चालते. आता ही साधने कोणालाही विनामूल्य मिळतात. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीलाही आपला अहवाल रीतीसकट लिहिता येईल. तिच्या गुरुजनांनी आकड्यावर बोट ठेवून ‘हा कसा आला?’ असे विचारले, की उत्तर त्याच कागदात असेल.