नजरेचा निवाडा

युटा विद्यापीठात १९७० च्या आगेमागे डेव्हिड इव्हान्स आणि आयव्हन सदरलंड यांच्या छत्राखाली जी तरुण मंडळी संगणकाकडून त्रिमित चित्रे काढून घेण्याच्या उद्योगाला लागली होती, त्यांच्यापुढचा पेच वरकरणी गणिताचा असला तरी मुळात दृष्टीचा होता. गाल असो, मोटारीचा टप असो की चहादाणीचे पोट असो, कोणताही वक्राकार त्या यंत्रावर लहान-लहान सपाट बहुभुज जोडूनच उभा करावा लागे. आणि प्रत्येक बहुभुजाला एकच छटा दिली की सांधे उघडे पडत. फ्रान्सहून आलेल्या आंरी गूरो यांनी १९७१ मध्ये तोड काढली ती अशी, की प्रकाशाचे मान केवळ कोपऱ्यांवर मोजावे आणि मधल्या भागात ते क्रमाक्रमाने बदलत न्यावे. यासाठी त्यांनी आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेघा आखून तो मोजून काढला होता. त्या माउलीच्या सोशिकपणाची नोंद कोणत्याही प्रबंधात असायला हवी.

गूरोंचे चित्र गुळगुळीत झाले, तरी नजरेने ते पुरते मंजूर केले नाही. जेथे उजेड चढण्याचा किंवा उतरण्याचा वेग एकाएकी बदलतो, तेथे डोळा वस्तुतः नसलेला पट्टा पाहतो, हे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते. आणि नेमके तेच भुताटकी पट्टे गूरोंच्या सांध्यासांध्यांवर उमटत. त्याच विद्यापीठात शिकणाऱ्या, हनोईत जन्मलेल्या बुई तुओंग फाँग यांनी या दोषावर पुष्कळ अंशी मात केली आणि चकाकीसाठी एक सुटसुटीत सूत्रही दिले. ते प्रकाशाच्या भौतिक नियमांतून निघालेले नव्हते. चकाकी डोळ्याला पटेल एवढाच त्याचा दावा, आणि तो खरा ठरला. १९७५ मध्ये, ऐन उमेदीत फाँग निवर्तले. त्यांच्या सूत्राने उजळलेल्या वस्तू पुढे वर्षानुवर्षे प्लास्टिकच्या दिसत राहिल्या, तरी ते सूत्र चालू राहिले. मार्टिन न्यूएल यांची संगणकात उतरवलेली सुप्रसिद्ध चहादाणीही १९७५ चीच. तिच्या मुठीतले भोक, तोटीचा बाक आणि तिची स्वतःवरच पडणारी सावली यांमुळे ती प्रत्येक नव्या पद्धतीची परीक्षावस्तू होऊन बसली.

परंतु या काळापर्यंत चित्राचा दर्जा ठरवी कोण? ते करणारा स्वतः आणि परिषदेत टाळ्या वाजविणारे त्याचे समव्यवसायी. मुद्दई आणि पंच एकच असावेत, असा हा मामला होता. तो मोडला इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात. डोनाल्ड ग्रीनबर्ग यांच्या चमूने, केनेथ टॉरन्स या यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकांच्या साहाय्याने, भट्टीतील उष्णता भिंतीभिंतींत कशी फिरते याचे अभियंत्यांचे गणित प्रकाशाला लावले. आणि १९८४ च्या त्यांच्या चित्रातील पेटीत रंगीत भिंतींची छटा शेजारच्या पांढऱ्या पृष्ठांवर हलकेच उतरलेली दिसली. पुढे त्यांनी खऱ्या पेटीतील प्रकाश उपकरणांनी मोजून हिशेबाशी ताडला, आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाहणाऱ्यांपुढे खरी पेटी आणि पडद्यावरील चित्र शेजारी-शेजारी मांडले. दोन्ही पाहायची ती जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या पाठच्या काचेवर. त्यामुळे खऱ्या पेटीचा खोलपणा आणि पडद्याचा सपाटपणा यांतला भेद आपोआप कळण्याची सोय उरली नाही. खरी कोणती, या प्रश्नाला आलेली उत्तरे छापा-काटा करून आली असती तितपतच बरोबर निघाली.

मला या प्रयोगाचे मोठेपण त्याच्या निकालापेक्षा त्याच्या रीतीत दिसते, कारण येथे चित्रासमोर प्रथम मूळ वस्तूच साक्षीला उभी करण्यात आली. तथापि त्या पेटीत ना ऊन होते, ना हालचाल, ना चेहरा. चकाकीविरहित भिंतींच्या बाबतीत डोळा उदार असतो. माणसाच्या बाबतीत तो कमालीचा काटेकोर होतो. हुबेहूब माणसासारख्या, पण पुरत्या माणसासारख्या नसलेल्या आकृतीची शिसारी वाटते, असे मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांविषयी लिहून ठेवले होतेच. २००१ च्या ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ या चित्रपटातील संगणकनिर्मित नटांचे केस, सुरकुत्या, तीळ सर्व काही यथास्थित असूनही त्यांचे डोळे आणि त्वचा निर्जीव वाटल्याची तक्रार झाली.

त्वचेपुरता इलाज त्याच वर्षी हेन्रिक यान्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. प्रकाश कातडीच्या पृष्ठावर थांबत नाही. तो आत शिरतो, विखुरतो आणि थोड्या अंतरावरून बाहेर पडतो, हे माहीत सर्वांना होते, पण त्याचा हिशेब परवडेल अशा रीतीने करता येऊ लागला तो यांच्यामुळे. २००२ च्या ‘द टू टॉवर्स’ या चित्रपटातील गॉलम या संगणकनिर्मित पात्राच्या त्वचेला असाच आतून झिरपणारा उजेड मिळाला, आणि प्रेक्षकांनी त्याला निःसंकोच सजीव म्हणून स्वीकारले. अर्थात तो मनुष्यजातीतला दिसत नसल्यामुळे त्यांनी त्याला थोडी सूटही दिली असावी, अशी माझी शंका आहे.