वसई
१. वसई : मुंबईच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या मुखाशी असलेले जुने बंदर. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने ते पोर्तुगिजांना दिले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकले. भुदरगडचा डोंगरी किल्ला पाहत वाढलेल्या गारगोटीकर वाचकाने येथे तसा किल्ला कल्पू नये. वसईचा कोट सपाटीवर आहे, भोवती समुद्र, खाडी आणि दलदल. त्यामुळे मराठ्यांना सुरुंग लावून तट फोडावा लागला, आणि त्यात माणसे फार पडली. या पराक्रमाची आठवण शालेय पुस्तकांतल्या दोन ओळींपेक्षा मोठी आहे. 'वसईचा तह' म्हणतात तो मात्र दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी केलेला. वाचकांनी १५३४ आणि १८०२ च्या या दोन तहांची गल्लत करू नये. — संपादक