बैठक आणि बैठका

मराठीतला 'बैठक' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. एकवचनात तो स्थैर्याची खूण सांगतो : गादी-तक्क्याची बैठक, गाण्याची बैठक, विचाराची बैठक. विद्यार्थ्याला 'बैठक नाही' असे शिक्षक म्हणतात तेव्हा ठपका बुद्धीवर नसून मांडीवर असतो. अनेकवचनात मात्र हाच शब्द तालमीत उतरतो आणि घाम काढतो. जोर-बैठकांतली बैठक म्हणजे बसणे नव्हे. बसून उठणे, आणि शेकडो वेळा उठणे. बसण्याशी उठण्याचे हे नाते भाषेने जपले, लिहिणाऱ्यांच्या आयुष्याला ते तितकेसे जपता आले नाही. संगणकापुढे बसून काम करताना व्यायामाची सांगड कशी घालावी, हा प्रश्न आज आपल्याला अगदी नवा वाटतो. पण तो टाक आणि खतावणी यांच्याइतका जुना आहे. त्याला वेळोवेळी जी उत्तरे दिली गेली, त्यांच्या आड आणखी एक प्रश्न उभा असतो : लेखनिकाचा वेळ कोणाच्या मालकीचा? येथे आम्हांला त्या दुसऱ्या प्रश्नाचा माग काढावयाचा आहे.

आरंभ इटलीपासून करावा लागतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) हा मोदेना आणि पुढे पादुआ येथील वैद्यकाचा प्राध्यापक. निरनिराळ्या कारागिरांना जडणाऱ्या रोगांवर त्याने १७०० साली लॅटिनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ च्या आवृत्तीला त्याने पुरवणी जोडली आणि तीत लेखनिक व कारकून यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली आहेत : अखंड बसणे, हाताची सतत एकाच प्रकारची हालचाल, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षांनंतर एखाद्या संगणकाच्या कचेरीत हीच यादी जशीच्या तशी भिंतीवर लावता येईल. एका लेखनिकाची हकीकतही तो सांगतो. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्या हाताने लिहावयास शिकला. काही काळाने डावाही तसाच झाला. आम्हांला ही हकीकत त्या ग्रंथातील सर्वांत करुण जागा वाटते. रोग हाताचा नव्हता, कामाच्या घडणीचा होता, हे तीत न सांगता सांगितले गेले आहे.

आणि उपाय? बैठे काम करणाऱ्या शिंपी-चांभारांना रामाझ्झिनीने सल्ला दिला तो असा की, निदान सुटीच्या दिवशी तरी शरीर हलवावे, म्हणजे अनेक दिवसांच्या बसण्याची एका दिवसात थोडीफार भरपाई होईल. हा हिशेबी उपाय आहे. बसणे नावे टाकावे आणि व्यायाम जमा करावा. काम आहे तसेच राहते. भरपाई कामगाराने स्वतःच्या मोकळ्या वेळेतून करावयाची. पुढील तीन शतके आरोग्याचा बहुतेक उपदेश याच वहीत लिहिला गेला. स्विस वैद्य तिसो याने १७६८ साली विद्वानांच्या प्रकृतीवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले त्याचाही सूर यापासून फार दूर नाही.

दुसरा मार्ग मिसळण्याचा, म्हणजे काम आणि हालचाल एकाच वेळी साधण्याचा. तो साहित्याच्या अभ्यासकांना चांगला परिचित आहे, कारण तो मुख्यतः लेखकांनीच चोखाळला. तरुणपणी व्हर्जिनिया वुल्फ उंच मेजापाशी उभी राहून लिहीत असे. हेमिंग्वेने क्यूबातील घरी पुस्तकांच्या कपाटावर टंकयंत्र ठेवले होते आणि तो उभ्याने काम करी. वर्ड्सवर्थ तर चालता चालता, मोठ्याने म्हणत कविता रचणारा कवी. त्याच्या छंदाचा त्याच्या पावलांशी असलेला संबंध समीक्षकांनी पुष्कळ उकलला आहे. मात्र एक गोष्ट या कौतुकात निसटते. कवी बागेत येरझाऱ्या घाली तेव्हा त्या ओळी कागदावर उतरवून घेणे, त्यांच्या स्वच्छ प्रती करणे हे काम पुष्कळदा बहीण डोरोथी, पत्नी मेरी आणि मेव्हणी सारा यांच्याकडे असे. हालचालीशी लेखनाचा मेळ घालणारा एक पुरुष आणि त्याच्यासाठी बसून लिहिणाऱ्या तीन स्त्रिया! मिसळण्याचा मार्ग सुंदर खरा, पण बसण्याचा वाटा कोणीतरी उचललेला असला तरच तो सुंदर राहतो.

आपल्याकडील चित्र याहून वेगळे नव्हते, फक्त उलटे होते. कचेरीत कारकून बसे आणि शिपाई चाले. दफ्तराचे रुमाल आणणे, कागद या मेजावरून त्या मेजावर नेणे, साहेबांची सही घेऊन येणे ही सारी पावले शिपायाच्या वाट्याला. कारकुनाच्या वाट्याला उरली ती खर्डेघाशी. 'बोरूबहाद्दर' या शब्दात मराठीने त्याची जी थट्टा केली आहे, तिच्यात तलवार टाकून बोरू हाती घेतलेल्या शरीराविषयीची तुच्छता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही तुच्छता सुशिक्षितांच्या मनात आत्मनिंदा होऊन शिरली. टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून तालमीला वाहिले, ही हकीकत त्यांचे चरित्रकार इतक्या आवडीने का सांगतात, याचे उत्तर येथे सापडते. विद्वत्तेआधी बळ साठवून ठेवावे, मग ते आयुष्यभर खर्चता येईल, असा तो विचार. रामाझ्झिनीची जमाखर्चाची वहीच ती. फक्त जमा आधी, खर्च नंतर.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला तो याच ओघात पाहावयास हवा. त्यांनी संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले, त्यांवर लिहिले, आणि १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. सूर्यनमस्काराचे धार्मिक व राष्ट्रीय अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. आम्ही येथे एका साध्या सोयीकडे लक्ष वेधू इच्छितो. नमस्काराला हौद लागत नाही, लाल माती लागत नाही, मल्लखांब लागत नाही, जोडीदारही लागत नाही. चाळीतल्या खोलीत, सतरंजीएवढ्या जागेत, दहाच्या कचेरीपूर्वी तो उरकता येतो. कुस्ती ही गावाच्या वेळेची कला होती. नमस्कार कचेरीच्या वेळापत्रकात बसला. कारकुनी जीवनाला तो इतका चपखल बसला की हा व्यायाम मुळातच कारकुनासाठी बेतला असावा असे वाटावे. अर्थात वेळ पुन्हा कारकुनाचाच, पहाटेचा.

या वहीला पहिला मोठा धक्का लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी दिला. जेरी मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लंडनच्या वाहतूक कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१,००० पुरुष त्यांनी तपासले होते. चालक आणि वाहक एकाच गाडीवर, पुष्कळसे एकाच सामाजिक थरातले. चालक कामाचा जवळजवळ सारा वेळ बसून काढी, वाहक दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. हृदयविकार चालकांत जास्त आढळला, वाहकांत कमी. तशीच तुलना टपालखात्यात झाली, तेव्हा पत्रे वाटत हिंडणारे पोस्टमन बैठ्या कारकुनांपेक्षा बरे निघाले. वाहक व्यायाम करीत नव्हता, तो तिकिटे फाडत होता! प्रकृतीचे रक्षण करणारी हालचाल कामाच्या पोटातच असू शकते, हे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर आकड्यांनी दिसले.

मॉरिसचे मोठेपण असे की त्याने स्वतःच्या निष्कर्षावरही शंका घेतली. १९५६ च्या निबंधात त्याने गणवेशांची मापे तपासली. चालक नोकरीला लागतानाच कमरेने रुंद असत, म्हणजे सारा दोष आसनाचा नव्हता. पुढे, १९७३ साली, त्याने सुमारे १७,००० सरकारी अधिकाऱ्यांचा अभ्यास मांडला. हे सगळेच मेजामागे बसणारे, म्हणून आता फरक शोधायचा तो फावल्या वेळेतल्या जोरकस व्यायामात. तो सापडलाही. पण पाहा, वीस वर्षांत प्रश्न पुन्हा कचेरीबाहेर गेला. दोष मॉरिसचा नाही. जिने चढायला लावणारी कामेच कमी होत होती.

संगणकाने हे काम पुरे केले. जुन्या टंकयंत्रावर बोटांना जोर लावावा लागे, ओळ संपली की हाताने गाडा मागे ढकलावा लागे, कागद बदलावा लागे, चूक झाली तर थांबावे लागे. यांतल्या कोणत्याही गोष्टीला कोणी व्यायाम म्हटले नसते; पण त्या बसण्यात पडलेल्या फटी होत्या. संगणकाने फटी बुजवल्या. कागद पडद्यावर आला, निरोप ई-मेलने गेला, आणि शिपायाची चाल कारकुनाकडे न येता नाहीशीच झाली.

मग मिसळण्याचा मार्ग यंत्राच्या रूपाने परतला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे जेम्स लेवाइन यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. काहींची चरबी फारशी वाढलीच नाही, कारण उठणे-बसणे, चुळबूळ, चालणे अशा नकळत हालचाली त्यांच्यात वाढल्या होत्या. त्यावरून पुढे संगणकाच्या मेजाखाली ट्रेडमिल बसवण्याची कल्पना आली. २००७ च्या त्यांच्या पाहणीत ताशी पावणेदोन किलोमीटरच्या संथ गतीने चालत काम करणाऱ्या पंधरा स्थूल व्यक्तींनी बसण्याच्या तुलनेत तासाला सुमारे १२० कॅलरी जास्त खर्च केल्या. असे मेज बाजारातही आले. पण चालताना टंकलेखन मंदावते, माउसचा नेम चुकतो, असेही इतर प्रयोगांत आढळले.

साहित्याच्या वाचकाला येथे ऑस्कर वाइल्ड आठवल्यावाचून राहणार नाही. ट्रेडमिल हे मूळचे तुरुंगाचे यंत्र. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ साली बेरी सेंट एडमंड्सच्या तुरुंगात ते उभारले. कैदी चाकाच्या पायऱ्या चढत राहत. कोठे त्यावर धान्य दळले जाई वा पाणी उपसले जाई, कोठे ते नुसतेच फिरे. १८९५ साली पेंटनव्हिलच्या तुरुंगात वाइल्डनेही ते चाक चढले. १८९८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ही शिक्षा बंद झाली. यंत्राच्या जन्मावरून त्याची आजची जात ठरवू नये, हे आम्हांला मान्य आहे. तरीही वर्ड्सवर्थ आणि क्यूबिटचा कैदी यांच्यातला भेद चालण्याचा नाही, थांबण्याचा आहे. एकाला हवे तेव्हा थांबता येत होते.

म्हणून आम्हांला यंत्रांपेक्षा मधल्या सुटीचा इतिहास अधिक महत्त्वाचा वाटतो. जपानमध्ये १९२८ साली, टपाल विमा कार्यालयाच्या पुढाकाराने, आकाशवाणीवरून सामूहिक कवायत सुरू झाली. ती पुढे कारखान्यांत, कचेऱ्यांत पोहोचली. महायुद्धानंतर ती काही काळ थांबली आणि १९५१ साली नव्या रूपात परतली. तिच्यात राज्यसत्तेची शिस्त होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कामाच्या जागी ती कवायत मालकाच्या घड्याळातून मिनिटे काढून घेत होती. आपल्याकडे आयुष मंत्रालयाने २०२१ साली कचेरीत करावयाच्या पाच मिनिटांच्या योगाचे अ‍ॅप आणले, त्याचीही गणना याच परंपरेत करावी लागेल. पाच मिनिटे पुरतात का, हा वैद्यकाचा प्रश्न. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१६ च्या 'लॅन्सेट'मधील निबंधानुसार दीर्घ बसण्याचा वाढीव धोका पुसण्यास रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटे मध्यम श्रम लागतात. ती पाच मिनिटे कामाच्या वेळेत धरली जातात, की काम तेवढेच ठेवून पुढे ढकलली जातात, हे मात्र वैद्य ठरवीत नाही.

उभे राहून काम करण्याच्या मेजाची आज चलती आहे. ब्रिटनमध्ये १८९९ साली जो कायदा झाला तो मात्र उलट होता : दुकानातील दर तीन स्त्री-विक्रेत्यांमागे एक आसन ठेवावे. केरळमध्ये कोळिकोडच्या स्त्रियांनी कापडदुकानांतून दिवसभर उभे राहण्याविरुद्ध कित्येक वर्षे लढा दिला, तेव्हा २०१८ साली तेथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. २०२१ साली तमिळनाडूने तसाच कायदा केला. गिऱ्हाईक नसताना स्टुलावर टेकता यावे, एवढीच त्यांची मागणी होती.