चेहरा लिहिला, आई-बाप राहिले: घोड्याच्या रंगाची गोष्ट

आज आपला विषय घोड्याचा रंग आहे, पण सुरुवात आपल्या कळंबपासून करू. चिंतामणीच्या दर्शनाला आपण जातो ते हेच कळंब. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातली सरकारं दिली आहेत, त्यांत त्याचं नाव आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना मिळालं आणि त्यांच्या लष्कराची रीत इकडे आली.

त्या रीतीत दोन शब्द महत्त्वाचे होते, दाग आणि चेहरा. सरदाराने चांगला घोडा दाखवून पैसे घ्यायचे आणि हजेरीला भलतंच तट्टू उभं करायचं, ही लबाडी जुनीच. ती थांबवायला घोड्याला डाग देत आणि त्याचं वर्णन लिहून ठेवत. तो त्याचा चेहरा. वर्णनात रंग आलाच. म्हणून रंगाला नेमका शब्द लागे. अंग तांबूस आणि आयाळ-शेपूटही तांबूस, तो सुरंग. अंग तांबूस पण आयाळ, शेपूट नि पाय काळे, तो कुमाईत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा अबलख. चारही पाय आणि तोंड पांढरं, तो पंचकल्याणी.

ही नजर मोगलांच्याही आधीची आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या कोशात घोड्यांची रंगावरून पडलेली नावं दिली. कपिल अंग आणि पांढुरकी आयाळ-शेपूट, तो वोल्लाह. किंचित पांढुरका पण काळ्या पोटऱ्यांचा, तो उराह. म्हणजे अंगाचा रंग वेगळा, आयाळीचा वेगळा, हे आपल्या लोकांना पक्कं दिसत होतं.

मग गाडं अडलं कुठे? शब्दांना रंग जोडला, रंगाला शकुन जोडला, भोवऱ्यांना भाग्य जोडलं. पण या रंगाचा घोडा कोणत्या रंगाच्या घोडीला, कोणत्या घोड्यापासून झाला, हे पिढ्यान्‌पिढ्या एका वहीत लिहिलं गेलं नाही. चेहरा एका घोड्याचा असतो. वंश कळायला तिघांचे चेहरे शेजारी-शेजारी लागतात.

अशी वही इंग्लंडात होती. शर्यतीच्या घोड्यांची पैदास-नोंद तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून छापली जात होती. त्यामागे विज्ञान नव्हतं, पैसा होता. १९०५ च्या डिसेंबरात, म्हणजे आपल्या वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं त्याच वर्षी, हर्स्ट या संशोधकाने त्या नोंदींवरून लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडला. सुरंग घोडा आणि सुरंग घोडी यांना शिंगरू होतं ते सुरंगच. कुमाईत जोडीला मात्र कधी कधी सुरंगही होतं. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला नियमच हा. सुरंगपणा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, एकाकडूनच आला तर तो आत दडून राहतो.

वेल्डन या प्राध्यापकाला हे पटलं नाही. त्याने त्याच वह्या उघडून अपवाद शोधायला घेतले आणि त्याच कामात असताना एप्रिल १९०६ मध्ये न्यूमोनियाने तो गेला. वाद काळाने हर्स्टच्या बाजूने सोडवला. अपवाद होते, पण मोजके, आणि ते बहुतेक लिहिणाऱ्याच्या चुकांचे. पुढे १९९६ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या संशोधकांनी सुरंगपणाचा जनुकच दाखवून दिला.

आता राखाडी घोडा, आपला सब्जा. खंडोबाचा घोडा वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत निळा असतो, चित्रांत मात्र पांढराशुभ्र. आपल्याला वाटतं, दोघांपैकी एक चुकलं. पण सब्जा घोडा जन्मतो काळा किंवा तांबडा, मग राखी-निळसर होतो आणि दहा-बारा वर्षांत पांढरा दिसू लागतो. दोन्ही रंग एकाच घोड्याचे असू शकतात. तरुणपणी लिहिलेला चेहरा म्हातारपणी जुळणारच नाही, तिथे दागच उपयोगी पडणार! २००८ मध्ये उप्सालाच्याच संशोधकांनी याचं कारण शोधलं: जनुकाच्या एका तुकड्याची जास्तीची प्रत. ती एका पालकाकडून आली तरी पुरते. म्हणून सब्जा शिंगराच्या आई-बापांत एक तरी सब्जा असतोच.

पैनगंगा ओलांडून आपल्याकडचे लोक लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडे बघायला जातात, त्यांच्यासाठी हे सांगणं. काळं शिंगरू म्हणून कोणी जास्त पैसे मागितले, तर डोळ्यांभोवती पांढरे केस आहेत का ते बघा आणि आई-बापाचा रंग विचारा. एक जरी सब्जा निघाला, तरी काळेपणा टिकेल याची खात्री नाही. आणि सब्जा म्हातारा झाला की शेपटीखाली गाठी येतात का, तेही बघत राहा. त्या घोड्यांत त्वचेचा कर्करोग जास्त आढळतो.

अलीकडे भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. ती जात टिकवायची तर रंगाचे शुभाशुभ मोजून भागणार नाही. अशुभ ठरवलेल्या रंगाची चांगली घोडी पैदाशीतून बाजूला पडली, तर तिच्या पायांची ताकदही तिच्याबरोबर जाते. शब्द आपल्याकडे आठशे वर्षांपासून आहेत. प्रत्येक शिंगराच्या नावापुढे आई आणि बाप लिहायला एक वही तेवढी हवी. ती घरोघरी सुरू व्हावी, एवढं सांगून थांबतो.